गोष्टीची पिशवी उघडण्याआधी : बालवाडीच्या ताईंसाठी

नमस्कार ताई,

या पिशवीत काऊ-चिऊच्या गोष्टीचं सामान आहे. काऊचं काळं जाकीट, चिऊचं तपकिरी, बाळाचं दुपटं आणि यमकांचं कार्ड. मुखवटे मुद्दामच दिलेले नाहीत. मुखवट्याआड तीन-चार वर्षांच्या मुलाला धड दिसत नाही, आवाज दबतो, आणि समोरचं एखादं मूल घाबरून रडायला लागतं ते वेगळंच. टोप्याही नाहीत, एकीची टोपी दुसरीच्या डोक्यावर गेली की उवांवरून पालकांचे फोन कुणाला येतात, ते तुम्हाला ठाऊक आहे!

पहिल्या दिवशी पिशवी उघडूच नका. गोलात बसून ओळी फक्त ठेक्यात म्हणा:

सरसर सरसर आली सर,
काऊ कापतो थरथर थर.
ठकठक ठकठक वाजे दार,
'चिऊताई, गारठलो फार!'

'सर' आणि 'दार'पाशी थांबा, पुढच्या ओळीतलं 'थर' नि 'फार' मुलं आपसूक भरतात. यमकाचा खरा उपयोग हाच, वेगळं पाठांतर लागत नाही.

मग पाऊस. तळहातावर एक बोट वाजवायचं, मग दोन, मग चार, शेवटी पूर्ण टाळी. तिसाचा वर्ग असेल तर खोलीत खरोखर सर आल्यासारखं वाटतं. ओसरताना उलट क्रमाने या. दंगा आवरायला ओरडावं लागत नाही.

जाकिटं यानंतर. तोवर अख्खा वर्ग काऊ झालेला असतो, त्यामुळे 'मीच काऊ' हे भांडण कमी होतं. दार पिशवीत शोधू नका. दोन मुलं हात धरून समोरासमोर उभी राहिली की झालं दार. अजिबात न बोलणाऱ्या मुलाला आधी दारच करा, उघडायचं कधी ते त्याच्या हातात असतं.

चिऊ दार न उघडण्याची कारणं सांगते, ती कार्डावर छापलेली नाहीत. बाळाला न्हाऊ घालणं, तीट लावणं तुम्ही सांगा. पुढची मुलांना सुचू द्या. 'थांब, व्हॅनवाले काका आलेत' हेही चालतं. यमक जुळलं नाही तरी हरकत नाही.

पुण्यात १९८६ साली मोहन आगाशे यांनी ग्रिप्सची, म्हणजे बर्लिनच्या मुलांसाठीच्या रंगभूमीची, नाटकं आणली. त्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, मुलं प्रेक्षागृहात असतात. बालवाडीत प्रेक्षकच नकोत. गॅदरिंगसाठी म्हणून ही गोष्ट बसवायला घेतलीत, की चार मुलं बोलतात आणि बाकीची झाडं होऊन उभी राहतात. आमचं म्हणणं, पालकांना बोलवायचंच असेल तर त्यांनाही पावसात बसवा.

एक गोष्ट आठवडाभर पुरते. रोज वीस मिनिटं, डबा खायच्या आधी. नंतर मुलं पेंगतात.

काळं जाकीट पहिल्या धुण्याला वेगळं टाका, रंग जातो. वेल्क्रो उखडला तर पाठवून द्या, शिवून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.