गुलमर्गची झाडी आणि श्रीनगरची धावपट्टी

गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवट डोंगरावर वारा सुटला आणि ढग उतरले की गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, वरचा टप्पा बंद होतो. मैदानात स्लेजवाल्यांची घासाघीस चालूच राहते, मॅगीच्या टपऱ्या भरतात, आणि ज्यांना गुलमर्ग ठाऊक आहे ते स्की खांद्यावर टाकून झाडीकडे वळतात. मंकी हिलची झाडी, बाबा रेशीच्या दर्ग्याकडे उतरणारी झाडी, टंगमर्गच्या अंगाची झाडी. फर आणि कैल (पाइनचा एक प्रकार) यांच्या बुंध्यांमधून वळणं घेत खाली यायचं. (आपला पर्यटक तिथल्या प्रत्येक सूचिपर्णी झाडाला देवदार म्हणतो. देवदार खालच्या उंचीवर रमतो, गुलमर्गच्या आसपास फर आणि कैलच जास्त.)

त्या झाडीतून आकाश फारसं दिसत नाही, पण ऐकू येतं. श्रीनगरचा हवाई तळ इथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही नाही. लढाऊ विमानाला तीन मिनिटं खूप झाली. ताज्या बर्फात आवाज मुरतो, जेटचा मात्र मुरत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत आमच्या शिकाऊ तुकडीत पुण्याचे एक निवृत्त लढाऊ वैमानिक होते. साठी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा बांधून आलेले. वरून आवाज गेला की ते काठ्यांवर रेलून थांबत, मान वर न करता ऐकत, ‘एकच इंजिन’ एवढंच पुटपुटत आणि पुढे निघत. हे टिपण थोडंफार त्यांच्यामुळे सुचलं. गुलमर्गच्या स्कीइंगचा इतिहास लिहायला घेतला की दर दुसऱ्या पायरीवर लष्कर भेटतं, आणि लष्करामागून श्रीनगरची धावपट्टी.

आधी शब्दाचा घोळ. इंग्रजीत ग्लेड म्हणजे रानातली मोकळवण. स्कीवाले नेमकं उलट बोलतात. त्यांच्या ग्लेडमध्ये झाडं असायलाच हवीत, फक्त दोन बुंध्यांमधून माणूस वळून जाईल इतकी विरळ. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत अशी झाडी मुद्दाम घडवतात. खालचं झुडूप छाटायचं, मोठी झाडं राखायची. तिथे परवानगीशिवाय रान तोडून वाट पाडणाऱ्यांवर खटलेही झाले आहेत. गुलमर्गला हे कोणी आखून केलेलं नाही. जुन्या फरमधली मुळातली अंतरं, गुज्जर-बकरवालांची उन्हाळी चराई, सरपणाला गेलेलं लाकूड, हिमस्खलनांनी झोपवलेले पट्टे, या सगळ्यातून ती झाडी स्कीजोगी झाली. वर फर संपतो तिथे भूर्ज लागतो. काश्मिरात ज्याच्या सालीवर शतकानुशतकं पोथ्या लिहिल्या गेल्या, तोच हा.

काश्मिरीतला मर्ग म्हणजे मात्र खरी मोकळवण, डोंगरावरचं कुरण. सोनमर्ग, खिलनमर्ग, युसमर्ग ही सगळी त्याच कुळातली नावं. आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींत त्याचं हमखास ‘गुलमार्ग’ होतं, जणू फुलांचा हमरस्ता. फारसीत मर्ग म्हणजे मृत्यू, आणि विदर्भात अकस्मात मृत्यूचा ‘मर्ग’ आजही पोलीस ठाण्यात दाखल होतो. त्यामुळे नागपूरकराच्या कानाला हे नाव कसं लागत असेल कोण जाणे. एप्रिल 2025 नंतर बैसरन हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं, तेही ‘बैसरन व्हॅली’ असं. ती दरी नव्हे. चहूबाजूंनी झाडीने वेढलेलं ते कुरण आहे. इंग्रजी कोशातला ग्लेड कसा असतो ते दाखवायचं तर ते तिथे.

जुना इतिहास थोडक्यात. गुलमर्ग हे नाव सोळाव्या शतकात चक घराण्यातल्या एका सुलतानाने रूढ केलं असं सांगतात. पुढे इंग्रज उन्हाळ्यात गोल्फ खेळायला येऊ लागले. 1927 मध्ये दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी इथे स्कीचा क्लब काढला, आणि नाताळात व ईस्टरला खिलनमर्गच्या उतारांवर शर्यती होऊ लागल्या. फाळणीनंतर तो कारभार संपला. 1948 च्या हिवाळ्यात भारतीय लष्कराने आपल्या जवानांसाठी इथे स्कीची शाळा सुरू केली. तिचं पुढे हिवाळी युद्धशाळेत रूपांतर झालं आणि 1962 मध्ये अतिउंचीवरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारी संस्था म्हणून तिला आजचा दर्जा मिळाला. म्हणजे स्वतंत्र भारतात गुलमर्गचा बर्फ आधी वापरला तो सैनिकांनी. नागरिकांसाठी सरकारी स्की-शिक्षण यायला 1968 उजाडलं, तेही ऑस्ट्रियाच्या एका तज्ज्ञाने जागा पाहून गेल्यावर.

जमिनीवर लष्कर इतक्या लवकर आलं आणि आकाशात मात्र नाही. माझ्या मते या सगळ्या पार्श्वभूमीतला सर्वांत वादाचा निर्णय हाच, म्हणून जरा थांबतो. 1971 चं युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरला एकही लढाऊ विमान कायमचं तैनात नव्हतं. 1947-48 मध्ये पंख्याची लढाऊ विमानं या धावपट्टीवरून लढली होती. पण संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने 13 ऑगस्ट 1948 रोजी जो ठराव केला, त्यात दोन्ही सेनांनी राज्यातल्या आपापल्या फौजांची ‘लष्करी क्षमता’ वाढेल असं काही करायचं नाही, असं कलम होतं. आता क्षमता म्हणजे काय? एक बटालियन बदलून दुसरी आणली तर वाढते का? जुन्या बंदुकीच्या जागी नवी आली तर? यावर वर्षानुवर्षं कीस पाडता येईल, आणि पाडला गेलाही. लढाऊ जेटच्या बाबतीत मात्र घोळ नव्हता. जेट आणून उभं केलं तर क्षमता वाढली, हे कोणालाही कळतं. भारताने ते केलं नाही.

बंधन पाळलं हे खरं. पण त्याची किंमत मोजली कोणी? 1 सप्टेंबर 1965 ला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा आपली व्हॅम्पायर आणि मिस्टेअर ही लढाऊ जेट उडाली ते पंजाबातल्या पठाणकोटहून. चार व्हॅम्पायर गेले. छांब पठाणकोटच्या आवाक्यात तरी होतं. काश्मीर खोऱ्याला तोही आधार नव्हता, मधे पीरपंजाल उभा. त्याच्या महिनाभर आधी, 5 ऑगस्टला, टंगमर्गच्या वरच्या कुरणांत एका गुज्जर तरुणाला दोन अनोळखी माणसं भेटली होती. त्यांनी पैसे देऊ करून माहिती विचारली. त्याने पैसे घेतले आणि थेट पोलिसांना जाऊन सांगितलं. पाकिस्तानी घुसखोरीचा पहिला सुगावा लागला तो असा, एका मर्गात. खोऱ्याचा पहारा तेव्हा कोणाच्या डोळ्यांवर चालला होता ते यावरून समजावं.

या निर्णयाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की बंधन नसतं तरी फरक पडला नसता. श्रीनगरला मोठा जेटतळ पोसायला रस्ता एकच, तोही हिवाळ्यात बंद पडणारा, आणि डोंगरांच्या आडून येणारं विमान रडारला उशिरा दिसणार. यात तथ्य आहे. पण तेवीस वर्षांत एकाही जेट तुकडीने खोऱ्यातला हिवाळा काढला नाही, ही उणीव रस्त्याच्या माथी मारता येत नाही. डोंगर पाठ व्हायला त्यांच्यात राहावं लागतं.

हे माझं पश्चातज्ञान नव्हे. डिसेंबर 1971 मध्ये अंबाल्याहून आलेली नॅट या छोट्या लढाऊ जेटची तुकडी श्रीनगरला होती. 14 डिसेंबरच्या सकाळी पेशावरहून पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना दोन नॅट उडाली. त्यातल्या दुसऱ्या विमानातला तरुण फ्लाइंग ऑफिसर एकटा सेबरांच्या घोळक्यात सापडला, लढला आणि पडला. परमवीरचक्र मिळालेला हवाई दलातला तो आजवरचा एकमेव. त्याच्या मानपत्रातच लिहिलं आहे की 1948 पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला हवाई संरक्षणाची विमानं नव्हती, त्यामुळे त्याला तो मुलूख परिचयाचा नव्हता आणि तिथल्या उंचीची, थंडीची, बोचऱ्या वाऱ्याची सवय नव्हती. शौर्याच्या कागदावर प्रशासनाची कबुली अशी क्वचितच सापडते. त्याने किती सेबरांना गोळ्या लावल्या यावर दोन्ही बाजूंचे हिशेब जुळत नाहीत, त्यात मी शिरत नाही. अवशेष एका घळीत सापडले, तो सापडला नाही.

नॅट म्हणजे नऊ मीटर लांबीचं, पावणेसात मीटर पंखांचं विमान. एसटीची बस त्याहून लांब असते.

आमच्या तुकडीतले ‘सर’ त्या युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी हवाई दलात गेले आणि पुढे मिग-21 घेऊन श्रीनगरला राहिले. तोवर ते बंधन इतिहासजमा झालं होतं. खोऱ्यातल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. खाली पांढरं, वर पांढरं, सावली कुठेच नाही. जमीन पाचशे फुटांवर आहे की पन्नास, डोळा सांगतच नाही. करेव्याची, म्हणजे खोऱ्यातल्या मातीच्या पठाराची, कड बर्फाखाली पुसली जाते. मग मापाला उरतात ते रस्त्याकडेचे पॉप्लर, सफेदे. ‘सफेदा दिसला की जीव भांड्यात पडायचा. त्याची उंची माहीत असते ना.’

स्कीवाले याच उजेडाला फ्लॅट लाइट म्हणतात. ढगाळ दिवशी उघड्या उतारावर खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात, आपण थांबलोय की सरकतोय हेही कधी कळत नाही. झाडीत शिरलं की बुंधे दिसतात, बुंध्यांमुळे उतार दिसतो. वादळी दिवशी जाणकार झाडीकडे वळतात त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं हिमस्खलन. दाट झाडीत ते सहसा सुरू होत नाही, वरून आलं तर झाडं त्याला पुरून उरतीलच असं मात्र नाही.

झाडीचा स्वतःचा धोका वेगळा. फरच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ साचत नाही, वरून सपाट दिसतं आणि आत पोकळ विहीर असते. मंकी हिलवर तिसऱ्याच वळणाला मी अशा विहिरीत कमरेपर्यंत गेलो. एक स्की फांदीत अडकली, दुसरी पाठीशी वळली, आणि कॉलरमधून आत गेलेलं बर्फ बेंबीपर्यंत पोचलं. सर वर उभे. हसले नाहीत.

‘झाडाकडे बघत होतास?’

‘चुकवायचं म्हणून बघत होतो, सर.’

‘मग तिथेच जाणार. फटीकडे बघायचं.’

जमिनीवरच्या लक्ष्यावर सूर मारताना नजर लक्ष्याला चिकटली की वैमानिक विमान वर उचलायला विसरतो. जगभरच्या हवाई दलांनी त्यात माणसं गमावली आहेत. सरांच्या ओळखीतलाही एक होता. त्याच्याबद्दल ते एवढंच बोलले आणि मला ओढून बाहेर काढलं.

पुढच्या घडामोडी बहुतेकांना आठवत असतील. फ्रेंच कंपनीला दिलेलं गोंडोलाचं काम 1990 मध्ये हिंसाचारामुळे थांबलं. पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला, दुसरा 2005 मध्ये, आणि साधारण 3,950 मीटरपर्यंत सामान्य माणूस बसून पोचू लागला. परदेशी स्कीवाले आले, त्यांच्याबरोबर ग्लेड हा शब्द आला, गावातली पोरं गाइड झाली. 8 फेब्रुवारी 2010 ला खिलनमर्गच्या अंगाला हिमस्खलनात त्याच लष्करी शाळेचे 17 जवान गेले. तिकडे 27 फेब्रुवारी 2019 च्या सकाळी श्रीनगरहून उडालेलं मिग-21 बायसन नियंत्रण रेषेपलीकडे पडलं, आणि बडगामला आपलंच क्षेपणास्त्र लागून आपलं हेलिकॉप्टर कोसळलं. त्यातले सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक यांची आठवण पहिल्या बातमीच्या गदारोळात मागे पडली. त्या दिवशी नागरी विमानतळ बंद होता. गुलमर्गचा हंगाम ऐन भरात होता.

डिसेंबर 2021 च्या अखेरीस गुलमर्गमधली हजारावर कनाल (तिकडचं जमिनीचं माप) जमीन लष्करासाठी ‘सामरिक क्षेत्र’ म्हणून जाहीर झाली, तेव्हा बरीच ओरड झाली. 1948 पासून इथे कोण आहे हे ठाऊक असलेल्याला तिचं आश्चर्य वाटायला नको, तक्रार वाटू शकते.

श्रीनगरची बायसन तुकडी 30 सप्टेंबर 2022 ला निरोप घेऊन गेली, आणि 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 हवाई दलातूनच निवृत्त झालं. नाशिकजवळ ओझरला ज्यांनी ही विमानं बांधण्यात हयात घालवली, अशा घरांत त्या दिवशी टीव्ही लागलेला असणार. श्रीनगरला आता मिग-29 आहेत. त्यांच्या मोठ्या दुरुस्त्याही ओझरच्याच हवाई दलाच्या डेपोत होतात.

2024 चा जानेवारी गुलमर्गला कोरडा गेला, मैदान तपकिरी दिसत होतं. फेब्रुवारीत बर्फ पडलं तेव्हा पुन्हा गेलो. मंकी हिलला झाडीत असताना आवाज आला. काठ्यांवर रेललो आणि ऐकलं. संध्याकाळी पुण्याला फोन लावला.

‘सर, आज दोन इंजिनं.’

‘मग एकोणतीस असणार. काळा धूर सोडतं ते. दिसला का?’

‘झाडीत होतो, सर. काही दिसलं नाही.’