चित्र काढल्यानं दुःख 'बाहेर' निघते का?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते तेव्हा इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबत बडगे, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा. 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' असं घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि शेवटी पुतळे पेटवायचे. आता रोगराई मारबतीसोबत जात नाही, नाल्या साफ झाल्या आणि डास मेले की जाते, हे आपल्याला माहीत आहे. पण 'भडास निघाली, मन हलकं झालं' हे मात्र शिकलेसवरलेले लोकंही पक्कं धरून चालतात. आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं वगैरे काढून मनावर उपचार, या नावावर सध्या जे मेसेज आणि वर्कशॉपच्या जाहिराती फिरतात ना, त्यातही हेच असते, की दुःख आत साठलेलं आहे, ते रंगातून कागदावर उतरवा, संपला विषय.

म्हणजे मन हा कुकर आणि चित्र ही त्याची शिटी. ही कल्पना जुनी आहे, 1895 च्या सुमारास व्हिएन्नात ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी दाबलेल्या भावनांचा निचरा झाला की रोगी बरा होतो असं मांडलं, आणि तेव्हापासून ती आपल्या बोलण्यात अशी मुरली की कोणी तपासायच्या भानगडीतच पडत नाही.

काही जणांनी तपासली. अमेरिकेतल्या ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांच्या निबंधावर खवचट शेरे मारून त्यांना चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅग दिली आणि सांगितलं, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत हाणा. काहींना सांगितलं, व्यायाम म्हणून हाणा. आणि काहींना काहीच नाही, दोन मिनिटं गुपचूप बसा. सगळ्यात जास्त राग कोणात उरला? त्या माणसाचा विचार करत हाणणाऱ्यांमध्ये. बदला घ्यायची संधी दिल्यावर सगळ्यात कमी आक्रमक निघाले ते गुपचूप बसलेले. शिटी वाजली पण प्रेशर वाढलं, असा उलटा प्रकार.

चित्रांचंही तेच. एलन विनर आणि जेनिफर ड्रेक या बायांनी लोकांना उदास करणारी फिल्म दाखवली, मग एका गटाला म्हटलं जे वाटते आहे ते चित्रात काढा, दुसऱ्याला म्हटलं त्याच्याशी संबंध नसलेलं काहीतरी काढा. मूड जास्त सुधारला दुसऱ्या गटाचा. 6 ते 12 वर्षांच्या पोट्ट्यांवर करून बघितलं, तिथंही तेच. म्हणजे चित्र काढल्यानं बरं वाटते हे खरं आहे राजेहो, पण दुःख बाहेर पडते म्हणून नाही.

मग काहून वाटते? इथं माझा सगळ्यात आवडता भाग येतो, जरा दम धरून वाचा.

आपल्या मेंदूत एक 'वर्किंग मेमरी' असते, म्हणजे आत्ता या क्षणी जे डोक्यात धरून ठेवलं आहे तेवढीच. बॅडली आणि हिच या दोघांनी 1974 मध्ये तिचं एक मॉडेल मांडलं. त्यात एक भाग शब्दांचा, फोन नंबर मनात घोळवतो तो. दुसरा भाग चित्रांचा आणि जागेचा, त्याला ते 'स्केचपॅड' म्हणतात, म्हणजे डोळे मिटून व्हेरायटी चौकातून सीताबर्डी मार्केटात कसं वळायचं हे 'दिसते' ते इथं. आणि वर एक मॅनेजर, जो लक्ष कुठं द्यायचं ते ठरवतो. मुख्य गोष्ट ही की यातल्या प्रत्येक भागाची जागा अगदीच कमी असते. एकाच वेळी दोन चित्रं त्या स्केचपॅडवर ठळक राहू शकत नाहीत, एक आलं की दुसरं फिकं पडते.

आता गंमत बघा. वाईट आठवणी, अपघात, अपमान, हॉस्पिटलमधला तो दिवस, या बहुतेक वेळा चित्र म्हणूनच येतात, वाक्य म्हणून नाही. एमिली होम्स आणि तिच्या सोबत्यांनी 2009 मध्ये लोकांना अपघात-जखमांची भयानक दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासानं काहींना 10 मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, तोच विटा फिरवून बसवायचा गेम. पुढच्या आठवड्यात टेट्रिसवाल्यांना ती दृश्यं आपोआप डोळ्यासमोर येण्याचं प्रमाण कमी होतं, पण फिल्ममध्ये काय होतं हे विचारलं तर त्यांनाही बाकीच्यांइतकंच आठवत होतं! म्हणजे आठवण पुसली नाही, फक्त तिचं अंगावर धावून येणारं चित्र ढिलं पडलं. 2010 मध्ये त्यांनी टेट्रिसच्या जागी शब्दांची क्विझ देऊन बघितली, तर त्याचा फायदा झाला नाहीच, एका प्रयोगात त्रास उलट वाढला. म्हणजे नुसतं 'मन दुसरीकडं वळवणं' पुरत नाही, तोच भाग गुंतवावा लागते जिथं ते चित्र उमटणार आहे. ताजी आठवण मेंदूत पक्की व्हायला काही तास लागतात, त्या वेळात स्केचपॅड दुसऱ्या कामात अडकलेलं असलं तर ती अर्धवटच पक्की होते, असा त्यांचा तर्क आहे. 2017 मध्ये ऑक्सफर्डच्या इमर्जन्सी वॉर्डात रस्ते अपघातातून आलेल्या 71 लोकांवर हे झालं, अपघातापासून 6 तासांच्या आत, आणि टेट्रिसवाल्यांना पहिल्या आठवड्यात अशा नको त्या आठवणी सुमारे 62 टक्के कमी आल्या.

आता 11 ते 6 ठिपक्यांची रांगोळी आठवा. कोणता ठिपका कोणाला जोडायचा, वळण कुठून घ्यायचं, पलीकडची बाजू सारखी येते आहे का, हे सगळं त्याच स्केचपॅडचं काम, त्यामुळं रांगोळी घालताना नणदेचं बोलणं डोळ्यासमोर उभं राहायला जागाच उरत नसावी, हा आपला माझा अंदाज. तो अगदीच हवेत नाही, कारण 2005 मध्ये करी आणि कॅसर यांनी 84 विद्यार्थ्यांवर बघितलं की मंडलासारखी (गोलात काढलेली नक्षी) गुंतागुंतीची आकृती रंगवल्यावर चिंता कमी होते, कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढल्यावर तेवढी होत नाही. यात मंडलाची 'एनर्जी' नाही आणि चक्रंही नाहीत, चौकड्यांचं डिझाइन रंगवूनही तेवढाच फायदा दिसला होता. बाकी 'चित्रानं उजवा मेंदू जागा होतो' हे सांगणाऱ्यांना विचारा, 2013 मध्ये हजारावर लोकांचे मेंदू स्कॅन करूनही 'उजव्या मेंदूची माणसं' आणि 'डाव्या मेंदूची माणसं' का सापडली नाहीत. डोळ्याला पट्टी बांधून पोरांना वाचायला लावणारे मिडब्रेनवाले क्लास तर याच्याही पुढचे, तिथली पोरं नाकाजवळच्या फटीतून बघतात.

मग लिहून मन मोकळं करतात त्यांचं काय? ते वेगळं आहे. जेम्स पेनबेकरनं 1986 मध्ये विद्यार्थ्यांना रोज 15 मिनिटं, चार दिवस, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. नंतर दिसलं की फायदा त्यांना जास्त झाला ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'त्यामुळं' असे शब्द वाढत गेले. म्हणजे नुसती आग ओकणाऱ्यांना नाही, गोष्ट जुळवत गेलेल्यांना. पुढं शंभरावर प्रयोग एकत्र केल्यावर हा परिणाम लहानच निघाला, पण आहे.

आणि 'मला चित्र येत नाही' हे कारण चालत नाही. 2016 मध्ये गिरिजा कैमल यांनी अमेरिकेत 39 जणांना 45 मिनिटं मार्कर, माती, कोलाज दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांचं खाली आलं, हात बसलेला असो की नसो. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल सकाळी चढून दिवसभर तसंही उतरतच असते, त्यामुळं या आकड्यावर नाचू नका.

आणि आजाराची गोष्ट तर वेगळीच असते. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या 417 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2012 मध्ये निकाल आला. गटात बसून वर्षभर दर आठवड्याला आर्ट थेरपी दिलेल्यांमध्ये आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये दोन वर्षांनी फरक दिसला नाही, बरेच जण तर सेशनला येतच नव्हते. आर्ट थेरपी हा शब्द 1942 मध्ये वापरात आणणारा चित्रकार एड्रियन हिल स्वतः टीबीच्या सॅनेटोरियममध्ये पडल्या पडल्या चित्रं काढत होता, त्याला त्या लांबलचक दिवसांत आधार मिळाला, टीबीचे जंतू काही चित्रांनी मेले नाहीत. म्हणून झोप उडाली, जेवण सुटलं, जगावंसं वाटत नाही असं चाललं असेल तर 'दोन तासात डिप्रेशनमुक्ती'वाल्या वर्कशॉपची फी भरण्याआधी मानसोपचार तज्ज्ञाकडं जा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फिरवा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.