भात सोडला म्हणजे वजन उतरतं?

नागपुरात कोणी डाएट सुरू केलं की पहिली गदा भातावर येते. 'भातानं पोट सुटतं, पोळ्या खा,' असं घरोघरी सांगतात. हे खरं नाही. 100 ग्रॅम कच्चे तांदूळ घ्या किंवा 100 ग्रॅम कणीक, दोन्हींत साधारण 350 कॅलरी. शिजल्यावर तर भातात पाणीच जास्त. 100 ग्रॅम भातात 130च्या आसपास.

आपला गोळाभात बघा. डाळीच्या भरड्याचे, भातातच वाफवलेले गोळे, कुस्करून त्यावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. ते तेल पळीनं ओततात! एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी, म्हणजे जवळपास छोट्या वाटीभर भाताइतक्या. पोह्यांवरच्या तर्रीचा लाल तवंगही तेलच. आणि तेलानं पोट भरल्यासारखं वाटत नाही, खरी अडचण तिथे आहे.

भूक धरून ठेवतात ती प्रथिनं, चोथा आणि पाणी. 1995 साली सिडनीत 38 पदार्थांची तुलना झाली, त्यात सगळ्यात पोटभरीचा ठरला उकडलेला बटाटा. भातासारखाच नाहक बदनाम झालेला!

तेव्हा भात जरूर वाढून घ्या, बेताचा. वरण घट्ट आणि दुप्पट, सोबत काकडी-मुळा, फोडणी चमच्यानं मोजून. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा. गाळलेल्या रसात चोथा उरत नाही. मधुमेह असेल तर मात्र भाताचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण भातानं रक्तातली साखर झपाट्यानं वाढू शकते.