त्याच आठ तारा, आधी पत्ता, मग माल

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात मी नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका दुकानात ७४एचसी३७३ ही आयसी, म्हणजे आलेला आकडा धरून ठेवणारी लॅच, मागितली. ती संपली होती. "३७४ घेऊन जा न भाऊ, पाय सेमच आहेत," दुकानदार म्हणाला. पायांबद्दल तो खरंच बोलत होता: दोन्हींना वीस पाय, एकाच जागी. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर ब्रेडबोर्ड मांडून मी ३७४ वापरून ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एकाच चिपमधल्या छोट्या संगणकाला, बाहेरची रॅम जोडली. रॅममध्ये लिहायचो एक, वाचताना यायचं भलतंच. तीन दिवस तारा तपासल्या, सगळ्या बरोबर होत्या.

इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१च्या पोटात रॅम फक्त १२८ बाइट. जास्त हवी तर बाहेर जोडायची, ६४ किलोबाइटपर्यंत. त्यासाठी पत्त्याच्या, म्हणजे रॅममधली कोणती खोली ते सांगणाऱ्या, सोळा तारा आणि माहितीच्या आठ, अशा चोवीस लागतात, आणि चिपला पाय एकूण चाळीस. म्हणून पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि माहिती यांना त्याच आठ तारा, पोर्ट शून्य या आठ पायांच्या गटाच्या, आळीपाळीने दिल्या. वरचा अर्धा पत्ता पोर्ट दोनवर शेवटपर्यंत टिकतो. आठ पाय वाचले, पण आता तारेवर दिसणारा आकडा पत्ता आहे की माल, हे सांगायला एक पाय खर्च करावा लागला. तो एएलई, म्हणजे ॲड्रेस लॅच एनेबल.

एएलई आधी वर जातो, मग खाली येतो. तो वर असताना ८०५१ पत्ता तारांवर ठेवतो, आणि एएलई खाली पडतो त्या क्षणी पत्ता पक्का मानायचा असतो. ३७३ हेच करते: एएलई वर असेपर्यंत दार उघडं, आलेलं सरळ पलीकडे, खाली आला की दार बंद, शेवटचं धरून ठेवलेलं. मग पोर्ट शून्य मोकळा होतो. वाचायचं असेल तर ८०५१ तारांवरून आपला हात काढून घेतो, आरडी (रीड) सिग्नल शून्यावर आणतो आणि रॅम बोलू लागते. लिहायचं असेल तर डब्ल्यूआर (राइट). हे दोन्ही सिग्नल उलटे आहेत, म्हणजे शून्य झाले की काम सुरू. एकाच तारेवर दोघे एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येत नाही, म्हणून ही शिस्त फार सुंदर वाटते मला.

आता माझी ३७४. ती दार उघडं ठेवत नाही. सिग्नल वर चढतो त्या एका क्षणी जे असेल ते टिपते. ८०५१च्या माहितीपत्रकात १२ मेगाहर्ट्झला एएलई किमान १२७ नॅनोसेकंद वर राहतो, पण पत्ता तयार असण्याची हमी एएलई पडण्याआधीच्या ४३ नॅनोसेकंदांचीच. चढताना तारांवर मागचाच कचरा असतो. माझी आयसी तोच पत्ता समजत होती. लिहायची एका खोलीत, वाचायची दुसऱ्या.

चौथ्या दिवशी बर्डीवरून ३७३ आणली, त्याच जागेत खोचली. एकही तार हलवली नाही. लिहिलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत आला.