मिश्रीची सवय आणि मेंदूतला फरक

नाशिक जिल्ह्यात तंबाखूचा विषय निघाला की सिन्नर आठवतं. टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू पुढ्यात घेऊन तिथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या विड्या वळल्या. ओढल्या मात्र बहुतेक पुरुषांनी. बायकांच्या वाट्याला आली ती मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांना लावायची. आधी सकाळी दात घासायला, मग जेवणानंतर, मग धुणं आटोपल्यावर. दात घासण्याला व्यसन कोण म्हणणार? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ४२.४ टक्के पुरुषांना आणि १४.२ टक्के बायकांना तंबाखूची सवय आढळली. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका एकूण बायकांत जेमतेम २ टक्के. बाकी सगळा कारभार बिनधुराचा.

तंबाखूतलं निकोटिन जर्मनीत १८२८ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. ते हेरॉइन-कोकेनसारखंच व्यसन लावतं, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, ठणकावून सांगितलं ते मात्र १९८८ मध्ये. त्यातही औषधांचे प्रयोग बरेचसे पुरुषांवर व्हायचे. १९९३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि सरकारी पैशातून होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांना घेणं सक्तीचं झालं. बायकांमध्ये काही वेगळं घडतं का, इतका साधा प्रश्न विचारायलाही कायदा लागला!

पुढे येल विद्यापीठात मेंदूची छायाचित्रं काढली गेली. पेशींवरच्या ज्या जागांना निकोटिन चिकटतं ते ग्राहक (रिसेप्टर) सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या मेंदूत न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले. बायकांमध्ये अशी वाढ आढळली नाही. तिथल्याच २०१४च्या अभ्यासात सिगारेट ओढताना डोपामिन हे मेंदूतलं रसायन कुठे उसळतं ते पाहिलं. पुरुषांत ते सुखाशी जोडलेल्या भागात उसळलं, बायकांत सवयीशी जोडलेल्या भागात. पुरुषाला निकोटिन ओढतं, तर बाईला त्याबरोबरच ती वेळ, तो वास, हाताची ती हालचालही ओढते, असा याचा अर्थ संशोधक लावतात. सवय सोडवायला त्वचेवर लावतात त्या निकोटिनच्या पट्ट्यांचा गुण बायकांना कमी येतो, हे आधीच्या चाचण्यांतही दिसलं होतं. शिवाय बायकांच्या शरीरातून निकोटिन लवकर निघून जातं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर.

पण २०१४च्या अभ्यासात माणसं होती अवघी सोळा, आणि सगळी सिगारेटवाली. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदू गाठतं, हिरडीतून ते सावकाश झिरपतं. त्यामुळे तिथली चित्रं इथल्या मिश्रीला जशीच्या तशी लावता येत नाहीत.