फिल्टरवरचे ‘५ मायक्रॉन’ म्हणजे नक्की किती?

आमचा माणूस कार्ट्रिज बदलायला आला की बहुतेक घरांत एकच प्रश्न येतो, “पाच मायक्रॉनचा टाकलात, आता जंतू अडतील ना?” नाही अडणार. का, ते इथे सांगतो.

एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या खालचे नुसत्या डोळ्यांना फारसे दिसत नाही. म्हणून सगळेच हजार पटींनी मोठे झाले असे धरू, म्हणजे मायक्रॉनचा मिलिमीटर होईल.

आता केस सात सेंटिमीटर जाड झाला, कार्ट्रिजचे भोक पाच मिलिमीटरचे. ई. कोलाय जिवाणू दोन मिलिमीटर लांब, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. मोठ्या भोकांच्या चाळणीतून तांदळाची कणी पडावी तसा तो आरपार जातो. पटकीचा जिवाणूही याच मापाचा. काविळीच्या हिपॅटायटिस ए विषाणूची तर गोष्टच वेगळी: हजार पट मोठा केला तरी ०.०३ मिलिमीटर, म्हणजे तेव्हाही दिसणार नाही! (लेप्टो तापाचा जंतू यांच्यात धरलेला नाही. तो बहुधा पायाच्या जखमेतून, शेतातल्या चिखलपाण्यातून शिरतो. तिथे फिल्टर नाही, गमबूट लागतो.)

मृगाच्या सरी कोसळल्या की विहीर लाल होते आणि आमच्याकडे तक्रारी सुरू होतात, “नवाकोरा फिल्टर, तरी पाणी गढूळ!” फिल्टर बिघडलेला नसतो. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटी फिरवली की तो भार उतरतो, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तेव्हा आधी तुरटी, रात्रभर निवळू द्यायचे, मग वरचे पाणी फिल्टरला. यूव्हीवाल्यांनी (ज्यांच्याकडे अतिनील किरणांच्या दिव्याने जंतू मारले जातात) तर हे टाळूच नये, कारण गढूळ पाण्यात दिव्याचे किरण पोचत नाहीत.

यूएफ, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीच्या पडद्याची भोके ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची. जिवाणू अडतात, सगळे विषाणू अडतीलच असे नाही. खळखळून उकळलेल्या पाण्यात दोन्ही मरतात.

राहिले मीठ. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. पाण्यात विरघळलेल्या सोडियमचा कण ०.०००२ मायक्रॉनच्या आसपास, त्याला आरओच हवा, म्हणजे दाबाने पाणी पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवणारे यंत्र. पण जांभ्यातल्या गोड्या विहिरीला आरओ बसवणे म्हणजे बरेचसे चांगले पाणी मोरीत सोडणे. आम्ही आरओ विकतो, तरी हे सांगतो. कोणी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे) मीटर बुडवून “पाणी शुद्ध” म्हणाला तर लक्षात ठेवा, तो मीटर क्षार दाखवतो, जंतू मोजत नाही.

म्हणून खरेदीआधी पाणी तपासून घ्या. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. नमुन्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. विहिरीत नुकतीच टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर थोडे दिवस थांबा, नाहीतर अहवाल विहिरीचा नाही, पावडरचा येईल.