सहलीतला थाई मसाज आणि वाट फोच्या शिळा

थायलंडच्या सहलीचा कार्यक्रम हातात आला की त्यात एक ओळ बहुतेक वेळा असतेच: ‘सायंकाळी मोकळा वेळ, इच्छुकांसाठी थाई मसाज’. ती वाचून गटातले काही जण एकमेकांकडे बघून हसतात. काही जण, विशेषतः दिवसभर देवळांच्या फरशीवर फिरून पोटऱ्या भरून आलेले, सरळ मोबाइलवर तासाभराची वेळ ठरवून मोकळे होतात. त्या हसण्यामागे जेमतेम साठ वर्षांचा इतिहास आहे. पाय चेपून घेण्यामागे कित्येक शतकांचा आहे. दोन्ही इतिहास एकाच देशात घडले आणि एकाच शब्दाला चिकटले. त्यामुळे ज्या विद्येला मान मिळायला हवा होता तिच्याबद्दल आपण आजही दबक्या आवाजात बोलतो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

थाई भाषेत मालिशला ‘नुअद’ म्हणतात. भातशेतीत कंबरेत वाकून काम करणाऱ्या गावांमध्ये अंग रगडून देणारा एखादा जाणकार असे. त्याला ‘मो नुअद’ म्हणत, आणि यातला ‘मो’ म्हणजे वैद्य. शब्दातच त्याची जागा ठरलेली होती. राजदरबारातही ती मानाची होती. तेव्हाची राजधानी अयुत्थया इथला राजा बोरोमत्रैलोकनाथ याच्या १४५५ सालच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात सरकारी पदांची उतरंड दिली आहे, तिच्यात मालिश करणाऱ्या वैद्यांचं स्वतंत्र खातं आहे. आज हाती असलेली ती संहिता १८०५ साली नव्याने संकलित झालेली आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी दरबारात असं खातं होतं याबद्दल शंका घेण्याचं कारण दिसत नाही.

बाहेरच्या माणसाने डोळ्यांनी पाहून लिहिलेलं वर्णन मिळतं ते १६८७ च्या सुमारास. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा वकील सिमों द ला लुबेर सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, दरबारात आला होता. त्याने लिहून ठेवलं की इथे कुणी आजारी पडला की आधी त्याचं सगळं अंग एखाद्या जाणकाराकडून मळून घेतात, आणि तो जाणकार रोग्याच्या अंगावर चढून त्याला पायांनी तुडवतो. फ्रेंच माणसाला याचं नवल वाटलं. आपल्याला वाटू नये. शेतातून आलेले आजोबा ओसरीवर पालथे पडून नातवाला ‘पाठीवर जरा पाय दे रे’ म्हणत, ती घरं अजून आठवणीतून गेलेली नाहीत.

१७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुत्थया जाळली. राजवाडे आणि देवळांबरोबर ग्रंथसंपदाही मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. वैद्यक बरंचसं घराण्याघराण्यांत, गुरूकडून शिष्याकडे गुपचूप जाणारं होतं. जो मेला त्याच्याबरोबर त्याचं ज्ञानही गेलं. १७८२ साली पहिल्या रामाने, म्हणजे आजच्या थाई राजघराण्याच्या पहिल्या राजाने, बँकॉकला राजधानी केली आणि काही वर्षांतच राजवाड्याशेजारच्या एका जुन्या विहाराचा जीर्णोद्धार हाती घेतला. तो विहार म्हणजे वाट फो. ‘वाट’ म्हणजे देऊळ, आणि ‘फो’ हे ‘बोधी’चं थाई रूप.

आपले प्रवासी तिथे जातात ते ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघायला. तळपायांवर शिंपल्याने जडवलेली १०८ मंगलचिन्हं, मागच्या बाजूला १०८ कासंडी, त्यांत नाणी टाकल्याचा खणखणाट, फोटो, आणि मग बस. पण त्याच आवारातल्या लहान मंडपांच्या भिंतींकडे बघायला दहा मिनिटं काढली तर या विषयाचं मूळ समोर येतं. तिसरा राम याच्या काळात, १८३० च्या दशकात, या देवळाची मोठी दुरुस्ती झाली. त्या वेळी राजाने देशातलं उपलब्ध ज्ञान गोळा करून दगडावर कोरून घेतलं: धर्म, काव्य, इतिहास, औषधं आणि मालिश. १४०० हून अधिक शिलालेख तिथे आहेत, आणि युनेस्कोने त्यांना जगाच्या दस्तऐवजी वारशात स्थान दिलं आहे. त्यातल्या साठ शिळा मालिशच्या. माणसाची समोरून आणि पाठीमागून काढलेली आकृती, अंगभर धावणाऱ्या रेषा, रेषांवर ठिपके, आणि कुठल्या ठिपक्यावर दाबलं की कुठली व्यथा उतरते याची नोंद. घराण्यांच्या पेटीत बंद असलेली विद्या एका राजाने रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशा भिंतीवर लावली. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच.

त्या रेषांना ‘सेन’ म्हणतात. मुख्य सेन दहा. पहिल्या तिघींची नावं थाई उच्चारात इथा, पिंगखला आणि सुमना. मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको: इडा, पिंगला, सुषुम्ना. इडा डावीकडे, पिंगला उजवीकडे, सुषुम्ना मधोमध, ही मांडणीही तीच. आपल्याकडे योग्यांनी या नाड्या श्वासाने साधायच्या ठरवल्या. तिकडे गावच्या वैद्याने त्यांवर अंगठा ठेवला. या सेनमधून ‘लोम’ म्हणजे वारा वाहतो आणि तो अडला की दुखणं येतं, अशी तिथली धारणा. आपल्या घरात ‘वात धरलाय’ म्हणतात, ते इथून फार लांब नाही. आधुनिक शरीरशास्त्राला या रेषा सापडत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. पण कुठल्या स्नायूवर कुठून आणि किती भार द्यावा याचं पिढ्यांचं निरीक्षण त्या रेषांच्या भाषेत साठवलेलं आहे.

मंडपांजवळच्या कृत्रिम टेकड्यांवर शरीर ताणून, पाय खांद्याला लावून बसलेल्या ऋषींचे पुतळे आहेत. त्यांना ‘रुसी दत तोन’ म्हणतात, म्हणजे स्वतःचं शरीर ताणणारा ऋषी. मूळचे ऐंशी पुतळे होते, आज त्यातले थोडेच उरले आहेत. दाढीजटा बघून आपल्याला ते ओळखीचे वाटतात.

मसाज शिकवणाऱ्या थाई शाळेत दिवसाची सुरुवात एका प्रार्थनेने होते. ती पाली भाषेत आहे आणि ज्याला वंदन केलं जातं तो आहे जीवक कोमारभच्च. बुद्धाचा आणि राजा बिंबिसाराचा हा वैद्य. राजगृहात उकिरड्यावर सापडलेलं पोर, राजपुत्र अभयाने वाढवलेलं, तक्षशिलेला सात वर्षं शिकलेलं. त्याची परीक्षा प्रसिद्ध आहे. गुरूने सांगितलं, तक्षशिलेभोवती योजनभर फीर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. त्याने बुद्धाला दिलेल्या आमराईच्या जागी बिहारमधल्या राजगीरला आजही पायाचे दगड दिसतात. थाई मसाजचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात, त्याला ऐतिहासिक पुरावा नाही. पण आपण विद्येच्या आरंभी गणपतीला वंदन करतो तेव्हा पुरावा मागत नाही. थाई मसाज करणाऱ्या बाईने काम सुरू करण्याआधी क्षणभर हात जोडले तर ते बहुधा जीवकासाठी असतात.

पुढे दोन घराणी वेगळी राहिली. दरबारी पद्धतीत मालिश करणारा गुडघ्यांवर बसून पुढे सरकतो, हात ताठ ठेवून फक्त बोटं आणि तळव्यांनी दाबतो आणि श्वास अंगावर पडू नये म्हणून तोंड वळवतो, कारण समोर राजघराण्यातलं माणूस असे. लोकपद्धतीत कोपर, गुडघा, पाऊल सगळं चालतं आणि अंग ताणून, वळवूनही घेतात. पर्यटकांना मिळतो तो बहुतेक याच लोकपद्धतीचा. त्याच्या जोडीला गरम पुरचुंडीचा शेक असतो. कापडात हळद, गवती चहा, मकरूट लिंबाची साल, कापूर, मीठ आणि ‘प्लाय’ नावाचा आल्याच्या जातीचा कंद बांधतात आणि वाफेवर गरम करून अंगावर फिरवतात. मुका मार लागल्यावर आंबेहळदीचा लेप लावणाऱ्या घरातल्या माणसाला हा वास परका वाटत नाही. बाळंतिणीला निखाऱ्याजवळ झोपवण्याची ‘यू फाय’ ही तिकडची रीत आपल्या शेकशेगडीसारखीच.

मग हे सगळं बदनाम कसं झालं?

आधी त्याची वैद्यकातली जागा गेली. १८८८ साली बँकॉकला सिरिराज रुग्णालय उघडलं, पाश्चात्त्य वैद्यक आलं, आणि १९२३ च्या वैद्यकीय कायद्याने परवान्याची चौकट आल्यावर गावोगावचे पारंपरिक वैद्य बाजूला पडले. वाट फोमध्ये १९५५ साली पारंपरिक वैद्यकाची शाळा निघाली. पुढे तिथे मसाजही शिकवू लागले, म्हणून निदान एक धागा तुटला नाही.

आणि नेमकं तेव्हाच व्हिएतनामचं युद्ध सुरू झालं. उदोन, उबोन, कोरात, उ-तपाव अशा तळांवर अमेरिकी सैनिक होते. १९६७ च्या करारानुसार व्हिएतनाममधल्या सैनिकांना थोड्या दिवसांच्या विश्रांतीसाठी थायलंडला पाठवू लागले. त्यांच्यासाठी बँकॉकच्या न्यू फेचबुरी रस्त्यावर आणि पट्टायाला बार आणि ‘मसाज पार्लर’ उभी राहिली. वेश्याव्यवसायाला १९६० च्या कायद्याने बंदी होती. पण १९६६ च्या करमणूकस्थळांच्या कायद्यात स्नान, वाफ आणि मालिश देणाऱ्या जागा परवान्याखाली आल्या. ‘आब-ओब-नुअद’ हे त्यांचं नाव. दाराआड काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण परवाना मालिशचा होता. म्हणजे वैद्याच्या कामाचं नाव कायद्याच्याच हातून करमणुकीच्या यादीत गेलं. युद्ध संपलं, सैनिक गेले, इमारती राहिल्या, आणि त्यांच्या मागोमाग जगभरचे पर्यटक आले. आपल्या बसमधलं ते हसू तिथून आलेलं आहे.

ज्यांना खरी विद्या करायची होती त्यांनी पाटीवर वेगळा शब्द लिहायला सुरुवात केली: ‘नुअद फेन बोरान’, जुन्या परंपरेचा मसाज. यातलं ‘बोरान’ म्हणजे आपलंच ‘पुराण’. तसं नाव लावूनही संशय गेला नाही. कित्येक बायकांनी त्या संशयाखालीच आयुष्यभर प्रामाणिकपणे हात चालवले.

स्पाची लाट १९९० च्या दशकात आली. ‘स्पा’ हे मुळात बेल्जियममधल्या औषधी झऱ्यांच्या एका गावाचं नाव. थायलंडमध्ये बँकॉकच्या ओरिएंटल हॉटेलचा स्पा १९९३ चा, फुकेतचं बन्यान ट्री १९९४ चं, हुआ हिनचं चिवा-सोम १९९५ चं. या जागांनी युरोपातलं तेलाचं हलकं मालिश, सुगंधी तेलं, मंद दिवे, झुळझुळ पाणी आणि थाई नुअद एका छपराखाली आणलं. आज मोबाइलवर बुकिंग करताना यादीत जे ‘रिलॅक्सिंग’, ‘अरोमा’, ‘स्वीडिश’ दिसतं ते या थरातलं. मूळ थाई मसाज तेलाविना, सैल सुती कपडे घालून, जमिनीवरच्या गादीवर होतो, आणि तो दुखतो. अंग हलकं व्हावं, डोळा लागावा एवढीच इच्छा असेल तर तेलाचा निवडावा. निव्वळ ‘थाई’ निवडून मग ‘फार जोरात दाबलं’ म्हणून नाराज होणारे मी बरेच पाहिले आहेत. ‘बाव-बाव’ म्हणजे हळू, ‘चेप’ म्हणजे दुखतंय, एवढे दोन शब्द पुरतात.

कायद्याने केलेली चूक कायद्यानेच दुरुस्त करायला २०१६ साल उजाडलं. त्या वर्षीच्या आरोग्य आस्थापना कायद्याने स्पा आणि आरोग्यासाठीचा मसाज करमणूकस्थळांपासून वेगळे काढले. दुकानाला परवाना लागतो, चालकाला परीक्षा द्यावी लागते, आणि मसाज करणाऱ्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. थाई मसाजच्या पायाभूत अभ्यासक्रमाचे तास १५०. म्हणून अनोळखी गल्लीत दुकान निवडताना दरपत्रकापेक्षा आधी भिंतीवरचा परवाना बघावा. काचेतून आतलं दिसतं का, पायांच्या मसाजच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून आहेत का, हेही बोलकं असतं.

थायलंडच्या सरकारी रुग्णालयांत आज पारंपरिक मसाज आणि पुरचुंडीचा शेक उपचार म्हणून मिळतो. वैद्यकातली गेलेली जागा अशी परत मिळाली. औषध म्हटलं की पथ्यही आलंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल, तर बुकिंग करतानाच सांगावं. जांघेत तळवा दाबून काही क्षण रक्त अडवायचं आणि मग सोडायचं, असा एक प्रकार या पद्धतीत आहे. तो अशा माणसावर करता कामा नये.

डिसेंबर २०१९ मध्ये कोलंबियातल्या बोगोता इथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने ‘नुअद थाई’ला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. बँकॉकला त्याचा मोठा आनंद झाला. तीन महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे सगळी मसाजची दुकानं बंद करावी लागली. या कामात हात सर्वाधिक बायकांचे, त्यातल्या पुष्कळ ईशान्येकडच्या ईसान भागातल्या, शेती पिकत नाही म्हणून शहरात आलेल्या. मिळकत बहुतेकींची तासावर. गिऱ्हाईक नाही तर पैसा नाही. त्या महिन्यांत अनेकजणी गावी परतल्या.

आता दुकानं पुन्हा भरली आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केल्यापासून गर्दीत मराठी बोलणंही अधिक ऐकू येतं. दारात बसवून कोमट पाण्याने पाय धुतले जातात, सुती कपडे हातात दिले जातात, आणि समोरची बाई अंगठा टेकवते तो पोटरीच्या नेमक्या त्याच जागी, जिथे वाट फोच्या शिळेवर ठिपका कोरलेला आहे.